नोर्चा नशिबाने वाचलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

नोर्चावरच्या माझ्या लेखावर तुम्ही जरा रागानेच लिहिलंय, आणि त्यातला निम्मा राग मला मान्य आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 24 ऑगस्ट 2016 च्या पहाटे इटलीतलं अमात्रीचे जमीनदोस्त झालं आणि शेजारच्या नोर्चात एकही माणूस दगावलं नाही, याचं सगळं श्रेय मी बांधकामाला दिलं. पण दोन्ही गावांना सारखे हादरे बसलेच नव्हते. पुढे 30 ऑक्टोबरला नोर्चाची बॅसिलिका (गावातलं मोठं चर्च) कोसळलीच, आणि माणसं वाचली ती जागेवर नव्हती म्हणून. "याला नशीब म्हणतात. किल्लारीत काम केलेल्या माणसाला उगाच गोष्टी सांगू नका."

हादऱ्यांचं तुम्ही बरोबर पकडलंत. पहाटे 3:36 च्या त्या 6.0 च्या भूकंपाचा केंद्रबिंदू अक्कूमोली गावाजवळ, म्हणजे दोन्ही गावांपासून फार लांब नाही. मी नकाशावर पट्टी ठेवली आणि निष्कर्ष काढून मोकळा झालो. यंत्रांच्या नोंदी पाहायला हव्या होत्या. अमात्रीचेच्या यंत्रावर जमिनीच्या हादऱ्याचं कमाल त्वरण गुरुत्व त्वरणाच्या 0.8 पटीच्या वर गेलं, नोर्चात ते 0.4 च्याही खाली राहिलं. दुपटीहून जास्त फरक. तो लेखात नव्हता, ही चूक माझी.

पण नोर्चाच्या वाट्याला आलेलंही काही थोडं नव्हतं. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जोर आडवा लागला, तर दोन पदरी, मध्ये गोटे आणि भरताड कोंबलेली, मातीत नाहीतर भुसभुशीत चुन्यात रचलेली भिंत काय करते, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे फारच झालं. बाहेरचा पदर बाहेर पडतो, आतला आत, आणि छत मधोमध खाली येतं. अमात्रीचेत अशा भिंती पुष्कळ होत्या. त्या रात्रीच्या 299 मृत्यूंपैकी 230 हून जास्त त्या एका गावातले. आणि सरकारी वर्गवारीत नोर्चा आणि अमात्रीचे दोन्ही सर्वांत धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच मोडतात. म्हणजे धोक्याची कल्पना दोघांनाही होती.

मी 2015 च्या मे महिन्यात दोन दिवस नोर्चात होतो. गाव डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध. दुकानांच्या दारांवर रानडुकरांची मुंडकी टांगलेली (शाकाहारी माणसाने मान खाली घालून चालावं, असा बाजार). खाली पाहत चालल्यामुळेच असेल, पण घरांच्या भिंती तळाशी बाहेरच्या बाजूला पसरत गेलेल्या दिसल्या, आपल्या गढीच्या बुरुजासारख्या. आणि वर, मजल्याच्या उंचीवर, भिंतीच्या बाहेर हातभर लांबीचे लोखंडी फुल्यांसारखे तुकडे. मला ती नक्षी वाटली. एका दुकानदाराने सुरी खाली ठेवून दोन्ही मुठी एकमेकींत अडकवून दाखवल्या आणि म्हणाला, "कातेने". म्हणजे साखळ्या. घराच्या आरपार लोखंडी सळई गेलेली असते, समोरासमोरच्या दोन भिंती तिने बांधलेल्या असतात, आणि बाहेर दिसते ती तिची अडकण.

हे सगळं 2016 साठी कोणी केलेलं नव्हतं. 1703 मध्ये गाव पडलं होतं. 22 ऑगस्ट 1859 ला पुन्हा पडलं, शंभरेक माणसं गेली. तेव्हा तिथे पोपचं राज्य. रोमहून वास्तुविशारद लुइजी पोलेत्ती आणि खगोलशास्त्रज्ञ पाद्री आंजेलो सेक्की पाहणीला आले, आणि 1860 मध्ये बांधकामाचे नियम निघाले: घर दोन मजल्यांवर नको, भिंती जाड, पायथा ढाळाचा. 1979 च्या भूकंपानंतर आणि पुन्हा 1997 नंतर सरकारी पैशाने घरं बांधून-जोडून घेतली गेली. याला नशीब म्हणायचं, तर ते दीडशे वर्षं हप्त्याहप्त्याने भरलेलं आहे.

सगळेच हप्ते चांगले नव्हते, हेही लिहायला हवं होतं. जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटचं जड छत चढवायचं, ही मजबुतीकरणाची पद्धत मध्य इटलीत काही वर्षं जोरात होती. 1997 ने दाखवलं की भिंत कच्ची असेल तर त्या छताचा घणच होतो. आपल्याकडच्या माळवदाच्या मातीसारखंच की ते!

आता 30 ऑक्टोबर. रविवार, सकाळी 7:40, 6.5 चा धक्का, केंद्रबिंदू नोर्चाच्या अगदी उशाशी. इटलीत 1980 नंतरचा सर्वांत मोठा. इथे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ऑगस्टपासून आणि 26 ऑक्टोबरच्या धक्क्यांनंतर तर पुष्कळ लोक घराबाहेर होते, चर्चं बंद होती. ती उघडी असती तर रविवारी काय झालं असतं, ते लिहवत नाही. सान बेनेदेत्तोची बॅसिलिका पडली, फक्त दर्शनी भिंत उभी राहिली. "गाव शाबूत राहिलं" हे माझं वाक्य चूक आहे. हजारो लोक बेघर झाले.

तरी एक पाहा. मोठ्या पडझडी झाल्या त्या बहुतेक चर्चच्या. उंच भिंती, मध्ये मोठी पोकळी, आडव्या भिंती नाहीत. 1860 चा दोन मजल्यांचा नियम देवाच्या घराला लावायचं कोणाच्या मनात आलं नसावं. राहती घरं भेगाळली, राहण्यालायक उरली नाहीत, पण कोटाच्या आतली बरीचशी उभी राहिली. पाडायला लागलेलं घर आणि माणसावर पडलेलं घर, यांतला फरक मला लेखात मांडायचा होता. तो "शाबूत" या शब्दात मी घालवला.

"अशा ठिकाणी राहायचंच कशाला" हा तुमचा शेवटचा प्रश्न. अपेनाइन पर्वत वर्षाला काही मिलिमीटर ताणला जातोय, ताण भ्रंशांवर, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगांवर, साठतो, आणि कधीतरी डोंगराची एक बाजू खाली सरकते. 2016 मध्ये व्हेत्तोरे पर्वताच्या उतारावर ताज्या खडकाची फिकट पट्टी उघडी पडली, काही जागी दोन मीटर उंच. तिच्या पायथ्याशीच कास्तेल्लुच्चोचं मैदान, जिथली मसूर इटलीभर जाते. मैदान सपाट आहे आणि पीक येतं, ते त्या भ्रंशाने जमीन खाली बसवली म्हणूनच. तिथल्या शेतकऱ्याला उठ म्हणणारा मी कोण?

मूळ लेखातला अंतराचा परिच्छेद आणि ते "शाबूत" आज रात्रीच बदलतो. आणि किल्लारीत सळई किंवा आरपार दगड घालून जुनी घरं सावरायला लोक तयार होते का, की सगळ्यांना नवी खोलीच हवी होती, ते तुम्ही पाहिलेलं आहे. प्रतिक्रियेत मावणार नाही. सवडीने लेखच लिहून पाठवा, तुमच्या नावाने इथे लावतो.