कुत्रं चावायच्या आधी हे वाचा

आमच्या मराठवाड्यात आजारी पडायची पण एक पद्धत असते मंडळी, उगं वाटलं म्हणून पडता येत नाही. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या पोटरीला कुत्रं चावलं तेव्हा अक्कल आली, म्हणून हे फुकटचे सल्ले.

पहिलं, चावून घ्यायचं तर सोमवारी सकाळी. शनिवारी दुपारनंतर असेल तर कुत्र्याची समजूत काढा.

दुसरं आणि लई महत्त्वाचं, एकट्यानं चावून घेऊ नका. आम्ही जखम साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुतली (शेजारच्या काकू मिरची भरा म्हणून मागं लागल्या होत्या ते वेगळंच), फटफटीवर आरोग्य केंद्र गाठलं, तर सिस्टर म्हणल्या लस आहे पण थांबा, अजून दोन-तीन पेशंट येऊ द्या, एक व्हायल, म्हणजे लसीची बाटली, चार-पाच जणांना पुरते, एकट्यासाठी फोडली की उरलेली वाया जाते. वडापची जीप झाली ही तर, सीटा भरल्याशिवाय हलायची नाही! म्हणजे ते कुत्रं सोबत न्यायला पाहिजे होतं, रस्त्यात अजून चौघांना चावलं असतं. सिस्टरचा दोष नाही, वाया गेलं की तिलाच नोटीस. दीड तास बसलो, कोरम भरला नाही, मग 'जिल्ह्याला न्या'. तिथं म्हणे जखम खोल आहे, सिरम (लसीशिवाय जखमेत टोचायचं तयार अँटीबॉडीचं औषध) लागेल, ते शिल्लक नाही, बाहेरून आणा. चिठ्ठी मात्र फुकट हां! १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत आहे, मेडिकलवाल्याला तेवढं कुणी कळवलेलं नाही. आणि लस एकदाच नाही, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या अन् २८व्या दिवशी परत कोरम जमवा.

तिसरं, साप रात्री चावू देऊ नका. डॉक्टर मुख्यालयी राहतात, कागदावर.

चौथं, टँकरचं पाणी आहे तसं प्या. शहरवाले हसतील, पण त्यांचा नळ आठ दिवसांनी येतो, जुलाबाच्या लाइनीत भेटतीलच.

बास झाली मस्करी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ तान्ही लेकरं, आणि खासदारांनी काय केलं, तर डीनला संडास साफ करायला लावला. अरे औषध कुठंय ते विचारा की! जेसीबीतून फुलं उधळायला पैसे आहेत तुमच्याकडं, अन् एका लेकरासाठी व्हायल फोडायला जीव जातो? उरली तर फेका ना! रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हे कळत नाही का तुम्हाला? अन् आपण बी कमी नाही, त्याच जेसीबीखाली नाचायला पुढं.

उद्या सातवा दिवस. सकाळी सातला निघणार आहे, कुणाला चावलं असेल तर सोबत चला.