भाडं च्यायला फार आहे!

घरमालकांनी दाराखालून सरकवलेलं पाकीट प्रेमपत्र नसतं, हे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये तीन वर्षं काढल्यावर मला कळलं होतं. 2010च्या ऑक्टोबरातल्या पाकिटात दीडशे डॉलरची भाडेवाढ होती. कशाची? सात नंबरची मेट्रो पुलावरून गेली की बशीतले पोहे थरथरायचे. रेडिएटर रात्री दोनला असा ठणठणायचा, की आत कुणीतरी कल्हई लावतंय असं वाटावं. खिडकीतून दिसणारा देखावा म्हणजे शेजारच्यांची भिंत.

त्याच आठवड्यात, 18 तारखेला, लाँग आयलंडच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी सात उमेदवारांची जाहीर वादचर्चा रंगली. आणि तिथे मला माझा नेता सापडला. जिमी मॅकमिलन. पांढऱ्या मिश्या थेट कल्ल्यांना भिडलेल्या, हातात काळे हातमोजे, आणि पक्षाचं नावच मुळी 'द रेंट इज टू डॅम हाय'. म्हणजे आपल्या भाषेत, 'भाडं च्यायला फार आहे पक्ष'! एवढा सुटसुटीत जाहीरनामा मी जन्मात वाचला नव्हता.

प्रश्न कुठलाही येवो, गाडी भाड्यावरच. कराटेतला जाणकार म्हणून मी इथल्या कुणाविषयी काही बोलणार नाही, असंही त्यांनी बजावलं. समलिंगी विवाहाबद्दल विचारलं, तर म्हणाले, तुम्हाला बुटाशी लग्न करायचं असेल तरी मी लावून देईन. (आमच्याकडे भटजी एवढे उदार नाहीत.) सकाळपर्यंत व्हिडिओ साऱ्या ऑफिसात फिरला होता. मंडळी हसत होती. मीही हसलो, पण पोटातून 'बरोबर बोलतोय की रे!' असंच निघत होतं.

आईला फोनवर सांगितलं.

"मग दे की त्यांना मत."

"आई, मी व्हिसावर आहे. मला मत नाही."

"म्हणजे भाडं तेवढं तुझं, होय?"

आमची गिरगावातली पागडीची खोली. महिन्याचं भाडं भाजीच्या पिशवीत मावायचं. तिला दीडशे डॉलरचे रुपये करून सांगायचा धीर मला झाला नाही.

गंमत म्हणजे त्या मंचावर सगळ्यात वजनदार उमेदवार, अँड्र्यू कुओमो, तेही म्हणाले की जिमीचं बरोबर आहे, भाडं फारच आहे. नोव्हेंबरात निवडून आले कुओमो. जिमीकाकांना एक टक्काही मतं पडली नाहीत, साधारण 41 हजार. त्यांची बाहुली मात्र बाजारात आली. पुढे 2015 साली ईस्ट व्हिलेजमधलं भाडेनियंत्रित घर सोडायची पाळी खुद्द त्यांच्यावर आली, तेव्हा मला घरचंच कुणी बेघर झाल्यासारखं वाटलं.

पण मी सांगत होतो त्या पाकिटाचं. व्हिडिओनं अंगात आलेलं वारं उतरायच्या आत मी तडक खाली गेलो आणि घरमालकांच्या दारात उभं राहून, घरात विणलेल्या लोकरी हातमोज्यांसकट, हात उंचावून गर्जना केली.

घरमालक हसून हसून खुर्चीत कोसळले. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता. डोळे पुसत म्हणाले, "अगदी खरं आहे रे! या शहरात राहायचं कसं माणसानं?" आत हाक मारून बायकोला बोलावलं, मला पुन्हा करून दाखवायला लावलं, चहा पाजला.

मग पेन दिलं. हातमोजे काढून सही करावी लागली.