‘बुशनी फौज वाढवली आणि इराक शांत झाला’ हे खरं नाही

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: २००७ साली अख्खा देश विरोधात असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लोकमताला भीक घातली नाही, सेनापतींच्या पाठिंब्याने ३० हजार जादा सैनिक इराकमध्ये धाडले, सहा महिन्यांत बगदाद शांत झालं आणि शिया-सुन्नी पुन्हा शेजारी म्हणून नांदू लागले. पुढे ओबामांनी सैन्य काढून घेतलं आणि सगळ्यावर पाणी फिरवलं. माझ्या भाचीने हे ‘खंबीर नेतृत्वाचं उदाहरण’ म्हणून नीतिशास्त्राच्या वहीत उतरवून घेतलंय, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

विरोध होता, हे खरं. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत बुश यांच्या पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहं गमावली. फेब्रुवारी २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाने सैन्यवाढीविरुद्ध २४६ विरुद्ध १८२ मतांनी ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता.

‘सेनापतींच्या पाठिंब्याने’ मात्र साफ खोटं. मध्यपूर्वेतल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल जॉन अबिझेद यांनी नोव्हेंबर २००६ मध्येच सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं की, आपण इराकमधल्या प्रत्येक डिव्हिजन कमांडरला विचारलं आणि जादा अमेरिकी सैन्याने यश मिळेल असं एकानेही म्हटलं नाही. इराकमधले प्रमुख जनरल जॉर्ज केसी हेही साशंकच होते. ते दोघे गेले आणि केसींच्या जागी डेव्हिड पेट्रेयस आले.

‘सहा महिन्यांत’ हेही नुसत्या तारखा पाहिल्या तरी टिकत नाही. घोषणा १० जानेवारी २००७ ची, आकडा साधारण २१,५०० चा. पूरक तुकड्या धरून तो पुढे ३० हजारांच्या घरात गेला. पाच ब्रिगेड, म्हणजे प्रत्येकी काही हजार सैनिकांच्या तुकड्या, एकदम उतरवता येत नाहीत, त्या महिन्याला एक अशा गेल्या आणि शेवटची पोचली जूनच्या मध्यावर. एप्रिल, मे, जून या तिन्ही महिन्यांत प्रत्येकी शंभरावर अमेरिकी सैनिक मेले. सगळ्या युद्धात अमेरिकी सैनिकांचे सर्वाधिक मृत्यू झाले ते २००७ मध्येच.

आता ‘शेजारी म्हणून नांदू लागले’. या वाक्याने डोकं भणभणतं, कारण घडलं ते नेमकं उलटं.

२२ फेब्रुवारी २००६ ला समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी दर्ग्याचा घुमट स्फोटात उडवला गेला आणि बगदादच्या मिश्र वस्त्या फाटायला लागल्या. खोटी चेकपोस्टं लागायची, ओळखपत्र मागितलं जायचं, आणि नाव उमर असलं तर ते सुन्नी ठरवायला पुरेसं असायचं. लोक दोन-दोन ओळखपत्रं बाळगायला लागले. दुसरीकडे शियांच्या बाजारांत कारबॉम्ब फुटत होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या अंदाजानुसार २००७ पर्यंत सुमारे २० लाख इराकी देशाबाहेर गेले होते आणि जवळपास तेवढेच देशातल्या देशात विस्थापित झाले होते.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञांनी अमेरिकी हवाई दलाच्या हवामान उपग्रहाने रात्री टिपलेली बगदादची चित्रं ताडून पाहिली. नैऋत्येकडच्या, सुन्नींना हुसकावून लावलेल्या भागांतले दिवे जादा फौज पूर्ण पोचण्याआधीच मंदावले होते, आणि फौज आल्यावरही ते पुन्हा उजळले नाहीत. वीजटंचाई हे कारण म्हणावं, तर किर्कुक, मोसुल, तिक्रित आणि करबला इथले दिवे तसेच राहिले किंवा वाढले होते. त्या घरांतून माणसंच निघून गेली होती. मारायला शेजारी उरला नाही की मारामारी कमी होणारच.

उरलेल्या वस्त्यांभोवती भिंती आल्या. अधामिया ही बगदादमधली, टायग्रिस नदीच्या पूर्वेची, तीन बाजूंनी शिया वस्त्यांनी वेढलेली सुन्नी वस्ती. तिथे एप्रिल २००७ पासून रात्री क्रेन लावून सुमारे १२ फूट उंच काँक्रीटच्या फळ्या उभ्या केल्या गेल्या. एकेका फळीचं वजन ६ टनांच्या आसपास आणि भिंतीची लांबी ५ किलोमीटर. रहिवाशांनी निदर्शनं केली, पंतप्रधान मलिकींनी काम थांबवा म्हणून जाहीर सांगितलं, तरी काम चालूच राहिलं. भिंतींमुळे कारबॉम्ब घेऊन आत शिरणं अवघड झालं, ते मान्य. पण त्याला नांदणं म्हणू नका.

हिंसाचार २००७ च्या अखेरीपासून खरोखर घटला आणि त्यात जादा सैन्याचा वाटा होता, हेही मान्य करावं लागेल. पण पश्चिम इराकमधल्या अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल कायदाविरुद्ध उठल्या त्या सप्टेंबर २००६ मध्ये, रमादीत, शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने, म्हणजे बुश यांच्या घोषणेच्या चार महिने आधी. पुढे असे जवळपास एक लाख लोक महिना साधारण ३०० डॉलरवर अमेरिकेने पोसले. कालपर्यंत यातलेच कित्येक अमेरिकी गाड्यांखाली सुरुंग पेरत होते. आणि २९ ऑगस्ट २००७ ला शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्रने आपल्या महदी सेना या सशस्त्र संघटनेला सहा महिने शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. यातलं मजकुरात काहीच नाही.

ही वाढ फार टिकणारही नव्हती. ब्रिगेड पुरत नव्हत्या म्हणून एप्रिल २००७ मध्ये सैनिकांची नेमणूक १२ वरून १५ महिन्यांवर न्यावी लागली. ते १५ महिने भरले की माणसं परत आणण्यावाचून इलाज नव्हता, आणि जुलै २००८ पर्यंत पाचही जादा ब्रिगेड माघारी आल्या. या उसंतीत इराकी पक्षांनी राजकीय तडजोड करावी, हा मूळ हेतू होता. अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २००७ मध्ये इराकी सरकारच्या प्रगतीचे १८ निकष तपासले: ३ पूर्ण, ४ अंशतः, ११ अपूर्ण.

राहता राहिले ओबामा. बगदादच्या पत्रकार परिषदेत बुश यांच्यावर बूट फेकला गेला, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलंय. तो दिवस होता १४ डिसेंबर २००८, आणि बुश तिथे गेले होते ते मलिकींबरोबर सैन्यमाघारीच्या करारावर सही करायला. ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळं अमेरिकी सैन्य इराकबाहेर, हे त्याच करारात लिहिलेलं आहे. ओबामांच्या काळात काही फौज मागे ठेवण्याची बोलणी झाली आणि फिसकटली, त्यावर वाद घाला. पण ती तारीख बुश यांनी मान्य केलेली होती.