नोटा पहिला आला तरी निवडून दुसराच येतो, नाना

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, यंदा जाहीर करून टाकलंय की मत कुणालाच नाही, नोटा (यंत्रावरचं ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण) दाबणार आणि ‘सगळ्यांना एकदम घरी बसवणार’. नाना एसटीत कंडक्टर होते. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीपासून त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही. अशा माणसाला हा साक्षात्कार झाला तो व्हॉट्सॲपवरून. तोच मेसेज आमच्या शिक्षकांच्या गटात आहे, सोसायटीच्या गटात आहे आणि बायकोच्या भिशीच्या गटातही आहे. सगळीकडे खाली हात जोडलेले आणि ‘शेअर करा, जनजागृती करा’.

मेसेज थोडक्यात असा. सगळे पक्ष चोर आहेत. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि त्या सगळ्या उमेदवारांवर सहा वर्षं बंदी येते. नोटामुळे सगळ्यांची डिपॉझिटं जप्त होतात. यादीत नाव नसलं तरी कलम ४९-ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, द्यावंच लागतं. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले की तिथे फेरमतदान. शेवटी ठळक अक्षरात: पक्ष नकोत, एक खमका प्रामाणिक माणूस हवा.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. निवडणूक लागली की आमची ड्युटी ठरलेली, त्यामुळे ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ हे प्रकरण प्रशिक्षणात कंटाळा येईपर्यंत ऐकलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिलं असतं तर निम्मा मेसेज त्याला स्वतःलाच पुसावा लागला असता.

आधी नोटा, कारण नानांचा सगळा भरवसा त्यावर आहे.

नोटा आला २०१३ साली. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्याच वर्षाअखेरच्या दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मिझोरमच्या निवडणुकांत ते बटण यंत्रावर आलं. भांडण होतं गुप्ततेचं. त्याआधीही ‘मला कुणालाच मत द्यायचं नाही’ म्हणायची सोय होती, नियम ४९-ओ. पण त्यासाठी केंद्राध्यक्षाला सांगावं लागायचं, तो रजिस्टरमध्ये तसा शेरा मारायचा आणि मतदाराची सही घ्यायचा. म्हणजे खोलीतल्या सगळ्या पोलिंग एजंटांना, उमेदवारांच्या प्रतिनिधींना, कळायचं की या गड्याने कुणालाच दिलं नाही. गावात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. न्यायालय म्हणालं, नापसंतीसुद्धा गुप्त राहिली पाहिजे. अशा मतांचा आकडा दिसला की पक्ष बरे उमेदवार देतील, अशी आशाही निकालात आहे. आशाच. निवडणूक रद्द करा, बंदी घाला, असं त्यात काही नाही.

निकाल कसा जाहीर करायचा ते नियम ६४ मध्ये आहे: ज्या उमेदवाराला सर्वाधिक वैध मतं, तो निवडून आला. नोटा उमेदवार नाही. हजारांतली नऊशे मतं नोटाला, साठ एकाला आणि चाळीस दुसऱ्याला पडली, तर साठवाला आमदार. निवडणूक आयोगाने हे २०१३ सालीच लेखी स्पष्ट केलंय.

कागदावरचा नियम पटत नसेल तर इंदूर घ्या. २०२४ च्या लोकसभेला तिथल्या काँग्रेस उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि तो भाजपच्या गोटात गेला. काँग्रेसने मग उघडपणे नोटाचा प्रचार केला. नोटाला पडली २,१८,६७४ मतं. लोकसभेच्या एका मतदारसंघात नोटाला तोवर इतकी मतं कधीच पडली नव्हती, आणि नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. निकाल काय लागला? भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं घेऊन खासदार. त्यांचं मताधिक्यसुद्धा नोटापासून मोजलं नाही, तिसऱ्या आलेल्या बसपच्या उमेदवारापासून मोजलं: ११,७५,०९२. सव्वादोन लाख माणसं उन्हात रांगेत उभी राहिली आणि त्यांचा राग मताधिक्याच्या हिशेबातही धरला गेला नाही. त्याच निवडणुकीत सुरतेत तर बाकीचे सगळे बाद झाले किंवा मागे फिरले आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध आला. मतदानच नाही, मग नोटा कुठे दाबणार?

इतकं लांब कशाला, आपल्याकडे बघा. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं घेऊन. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावलाही दुसरा नोटाच, वीस हजारांवर. दोन्हीकडे युतीत जागा शिवसेनेकडे गेली म्हणून भाजपच्या नाराज मंडळींनी हा उद्योग केला, असं तेव्हा बोललं गेलं. काँग्रेसचे धीरज देशमुख आणि विश्वजित कदम दोघेही आरामात आमदार झाले. नोटाने त्यांचा घाम पुसला असेल फार तर.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. मेसेजवाल्याने कुठेतरी काहीतरी वाचलेलं असणार, कारण ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका या निवडणुका केंद्राचा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. आणि महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये खरोखरच आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक. काही ग्रामपंचायतींत नोटाला विजयी उमेदवारापेक्षा जास्त मतं पडली होती, त्यावरून हे सुचलं. हरियाणाने त्याच महिन्यात आणखी एक पाऊल टाकलं आणि नोटाच्या मागे पडलेल्यांना त्या फेरनिवडणुकीत उभं राहायला मनाई केली. पण सहा वर्षांची बंदी यातल्या कशातच नाही, आणि आमदार-खासदारांना यातलं काहीच लागू नाही. लागू असतं तर ‘असा नियम करा’ म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात कशाला गेले असते? तशा याचिकेवर न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नोटीस काढली. जे मागावं लागतंय ते आधीच मिळालंय, असं हा मेसेज सांगतो.

डिपॉझिटचं दोन ओळींत. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात आणि ती बेरीज करताना नोटाची मतं धरतच नाहीत. म्हणजे लोक नोटाकडे वळले की उमेदवाराला अनामत वाचवणं किंचित सोपंच जातं.

मेसेजमधला सगळ्यात घातक भाग मात्र नोटाचा नाहीच. ‘यादीत नाव नसलं तरी चॅलेंज व्होट मागा’ हा आहे. नोटा दाबून नुकसान एवढंच की मत वाया जातं. या वाक्यामुळे माणूस मतदानाच्या दिवसापर्यंत यादीच बघत नाही.

मागे एका केंद्रावर मी मतदान अधिकारी क्रमांक एक होतो. त्याचं काम असं: यादीची चिन्हांकित प्रत पुढ्यात, आलेल्या माणसाचं नाव आणि अनुक्रमांक एजंटांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचं, नावाखाली रेघ मारायची, बाई असेल तर शेजारी बरोबरची खूणही करायची. दुपारी एक पोरगा आला. पुण्याला नोकरी, मतदानासाठी रात्रीच्या गाडीने आलेला, पाठीवर सॅक तशीच. नाव नाही. पुन्हा पाहिलं, आडनावाने पाहिलं, घर क्रमांकाने पाहिलं, पुरवणी यादी पाहिली. आईचं होतं, भावाचं होतं, त्याचं नव्हतं. त्याने शांतपणे मोबाईल काढला आणि हाच मेसेज दाखवला. ‘सर, चॅलेंज व्होट द्या. ४९-ए.’ केंद्राध्यक्षांनी नाही म्हटल्यावर त्याचा आवाज चढला, मग रांगेचा चढला, मग पोलीस आत आला. ओळखपत्र खरं, माणूस खरा, गाव त्याचंच. पण यादीत नाव नाही तर मत नाही. तो गेला तो आम्हा सगळ्यांना शिव्या घालत, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही घातल्या असत्या.

आता हे ४९-ए काय आहे? त्याच १९६१ च्या नियमांत ४९-ए आहे, पण त्यात लिहिलंय मतदान यंत्राची रचना कशी असावी! कंट्रोल युनिट, बॅलट युनिट वगैरे. मतदाराच्या हक्काचा त्यात एक शब्द नाही. चॅलेंजची तरतूद आहे ४९-जे मध्ये, आणि ती बरोबर उलटी. तिथे चॅलेंज करतो तो पोलिंग एजंट: ‘हा माणूस तो नव्हेच’. त्यासाठी त्याने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरायचे. होय, दोन रुपये, आजही. चौकशीत माणूस खरा निघाला तर त्याला मत देऊ देतात, खोटा निघाला तर पोलिसांच्या ताब्यात देतात. म्हणजे ज्या तरतुदीने तुमचं मत अडवता येतं, तीच मेसेजवाल्याने तुमचा हक्क म्हणून वाटली आहे. नाव घालायचं तर नमुना सहा भरायचा, आणि तोही वेळेत, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद.

टेंडर व्होट, ज्याला आमच्या कागदांत प्रदत्त मत म्हणतात, ते खरं आहे. नियम ४९-पी. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेला असेल तर केंद्राध्यक्ष चार प्रश्न विचारून खात्री करतो, तुमची सही घेतो आणि कागदी मतपत्रिका देतो. मत यंत्रात जात नाही. मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडतही नाहीत. निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि फरक अगदी निसटता असला तरच त्या मतांना किंमत येते. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा ही पाकिटं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत चर्चेत गेली. पण १४ टक्के? हा आकडा कोणत्याच नियमात नाही. हजार मतं झालेल्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे एकशे चाळीस प्रदत्त मतं. आम्हाला साहित्याच्या पिशवीतून अशा मतपत्रिका मिळतात वीस. बाकीच्या एकशेवीस मेसेजवाला घरून आणणार आहे का?

राहिलं ते ‘पक्ष नकोत, खमका माणूस हवा’. याचा प्रयोग होऊन गेलाय. राळेगणच्या अण्णा हजाऱ्यांच्या २०११ च्या उपोषणात ‘सगळेच चोर’ हीच हवा होती. त्या हवेतून वर्षभरात काय निघालं? पक्षच. आम आदमी पक्षाला दिल्लीत २०१३ ला सत्तरपैकी २८ जागा, २०१५ ला ६७, आणि २०२५ ला २२. खुद्द केजरीवाल पडले. त्यांनी चांगलं केलं की वाईट, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. पण पक्षांच्या विरोधात निघालेल्यालाही उमेदवार, पैसा, बूथवर बसायला माणसं लागतात, आणि ती जमवली की त्याचाही पक्षच होतो.

पक्षाचा निर्णय मोडून काढायचा तर मतदार तो मोडतात, पण उमेदवाराला मत देऊन. सांगलीकरांनी २०२४ ला ते केलं. आघाडीने जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या विद्यमान खासदाराला सुमारे लाखभर मतांनी पाडून आले. (वसंतदादांचा नातू म्हणजे काही फाटका कार्यकर्ता नव्हे, हेही खरं.) नोटा दुसरा आला ते पलूस-कडेगाव याच लोकसभा मतदारसंघात येतं.

नाना म्हणतात, ‘मी मत एकाला दिलं आणि तो जाऊन बसला दुसऱ्याच्या मांडीवर, त्याचं काय?’ इथे मात्र माझ्याकडे चटकन उत्तर नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे घटनेचं दहावं परिशिष्ट, १९८५ पासून आहे. शिवसेनेच्या अपात्रतेचा निकाल विधानसभाध्यक्षांनी दिला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षाने, आणि त्यात दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीचंही तेच. निकाल देणारा अध्यक्ष स्वतः सत्ताधारी पक्षाचा असतो आणि त्याला ठरावीक मुदतीचं बंधन नाही, ही त्या परिशिष्टातली भोकं आहेत. मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळही नाही. मी नानांना दहाव्या परिशिष्टाची मराठी प्रत छापून दिली आहे. अध्यक्षाऐवजी निकाल कुणी द्यावा आणि किती दिवसांत द्यावा, हे प्रचाराला येईल त्याला दारातच विचारायचं त्यांनी ठरवलंय.