साडेतीनशे रुपयांची पावती

इंजिनिअरिंगची फी किती वाढली, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'तेव्हा फी कमी होती तसे पगारही कमीच होते, महागाईचा हिशेब न लावता गळे काढू नका,' असं तुम्ही म्हणता. शिवाय, 'मी १९८५ ला देणगी भरून खाजगी कॉलेजात इंजिनिअर झालो, वडिलांनी जमीन विकली, पण आम्ही कधी कुरकुर केली नाही.'

महागाईचा हिशेब मूळ लेखात नव्हता, ही चूक माझीच. आता लावतो. १९८६ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात माझी वर्षाची फी साडेतीनशे रुपये होती. (मेसचं महिन्याचं बिल जवळपास तेवढंच यायचं. घरी पैसे मागताना जीभ अडखळायची ती मेसच्या बिलापाशी, फीपाशी नाही.) वर्षाला आठ टक्के महागाई धरली तर नऊ वर्षांत किंमत दुप्पट होते, ३६ वर्षांत सोळापट. म्हणजे २०२२ मध्ये साडेतीनशेचे ५,६०० व्हायला हवेत. त्या वर्षी खाजगी कॉलेजात मुलीच्या वर्षाच्या फीसाठी मी भरले १,२०,०००. माझे वडील एसटीत कंडक्टर. माझी वर्षाची फी त्यांच्या एका महिन्याच्या निम्म्या पगारात भागायची. आज महिना तीस हजार कमावणाऱ्याचे चार पगार जातील.

'सरकारीची तुलना खाजगीशी कशी करता?' असं तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच हवं. पण फी वाढली ती नेमकी सरकारीकडून खाजगीकडे जाताना. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. जागा कमी होत्या, पोरं देणग्या मोजून कर्नाटकात जात होती. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण विनाअनुदानित म्हणजे मास्तरांचा पगार तिजोरीतून नाही, फीमधून. नंतर वाढलेल्या बहुतेक जागा याच प्रकारच्या. फी वाढली त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरणारा बदलला.

मधे एक प्रयोग झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खाजगी कॉलेजातल्या निम्म्या जागा सरकारी फीवर दिल्या, उरलेल्या निम्म्यांनी जास्त मोजायचे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मोडीत काढली. एकाच्या मुलाचा बोजा दुसऱ्याच्या बापावर का, हा प्रश्न रास्तच होता. पण बोजा मग सरकारने उचलला का? आता शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचे हिशेब पाहून फी ठरवतं. देणगीच्या लिलावापेक्षा हे शंभर पटीने बरं, पण खर्च फुगला की फीही फुगते.

सरकारी म्हणून आयआयटीकडे बोट दाखवलंत. तिथे २०१३ मध्ये वर्षाची फी पन्नास हजारांवरून नव्वद हजार झाली, २०१६ मध्ये दोन लाख. गरीब घरांना सवलत आहे, मान्य. पण तीन वर्षांत चौपट ही कुठली महागाई?

शाहू महाराज शिष्यवृत्तीचा मुद्दा तुमचा बिनतोड. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलांचं निम्मं शिक्षण शुल्क सुटतं, मुलींचं २०२४ पासून पूर्ण. माझ्या लेखात ते यायला हवं होतं, आज घालतो.

राहता राहिली जमीन. तुम्ही कुरकुर केली नाहीत, हे खरंच. पण किती एकर गेली आणि पुन्हा घेता आली का, ते प्रतिक्रियेत नाही. लिहिणार असाल तर तो हिशेबही इथेच खाली छापेन.