पैसे कोणाचे ते आधी सांगा

लातूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या जो वाद पेटलाय तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझा भाचा आणि त्याचे तीन दोस्त मिळून रॉक बँड चालवतात, मराठीत गातात. सुरुवातीला प्रेमाबिमाची गाणी केली, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवली, पोरापोरींना आवडली, नातेवाईकांनी स्टेटसला ठेवली, सगळे खूश. आता पोरांनी पूर्ण अल्बम करायला घेतलाय आणि तो काळाकुट्ट आहे. एक गाणं टँकरवर आहे, एक बापाच्या कर्जावर, आणि एक नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहिलेल्या पोरावर. मेसचा डबा, दर रविवारची टेस्ट, रँक घसरत चाललेला, आणि घरून फोन आला की "हो बाबा, चांगलं चाललंय, ठेवतो". कडवं संपतं आणि तो फोन परत वाजतो, एवढंच गाणं. खरं सांगतो, मला घाम फुटला ऐकून.

आता मजा अशी की अल्बमच्या खर्चाला आणि पहिल्या कार्यक्रमाला एक कोचिंग क्लासवाले सर स्पॉन्सर व्हायला तयार झालेत. अट एकच, ते खोलीवाल्या पोराचं गाणं तेवढं काढा, बाकी काय म्हणायचं ते म्हणा.

यावर ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक दाजींची. त्यांची भलीमोठी व्हॉइस नोट आली, की आपल्या भागाची बदनामी आधीच काय कमी झाली का, दुष्काळ झाला, आत्महत्या झाल्या, २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आता आपलीच पोरं गाण्यातून पण तेच उगाळायलेत, सर म्हणतात ते बरोबर आहे, काढा ते गाणं, हे सगळं इंग्रजी बँड ऐकून आलेलं फॅड आहे, आपल्या संस्कृतीत असं रडगाणं नसतं. दुसरी पार्टी पुण्यातल्या चुलत भावंडांची. त्यांचं म्हणणं, तिकडं अमेरिकेत असा अल्बम काढला असता तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं, आपल्याकडं कलेची कदरच नाही. आणि दोन्हीकडून शेवटी मला टॅग. तुम्ही तिकडं राहता, तुम्हीच सांगा की ओ.

तर सांगतो, अमेरिकेबद्दल दोन्ही पार्ट्यांचं ज्ञान कच्चं आहे.

मी मिनेसोटात रोचेस्टरला राहतो. इथून मिनियापोलिसच्या एअरपोर्टला जायचं म्हणजे ५२ नंबरचा हायवे, आणि वाटेत कॅनन फॉल्स नावाचं गाव लागतं, आपल्या औशापेक्षाही कितीतरी लहान. त्याच्याजवळ झाडीत पॅकिडर्म नावाचा स्टुडिओ आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये, म्हणजे बाहेर श्वास गोठतो त्या दिवसांत, निर्वाणा हा अमेरिकन रॉक बँड तिथं येऊन राहिला आणि दोनेक आठवड्यांत 'इन युटेरो' हा त्यांचा तिसरा अल्बम करून गेला. बुकिंग पण खोट्या नावानं केलेलं, सायमन रिची ग्रुप म्हणून, कोणाला पत्ता लागू नये. भाच्याच्या खोलीत भिंतीवर या बँडचा गायक कर्ट कोबेन आहे त्यामुळे दाजींना निदान तोंडओळख आहे, "तो केस वाढवलेला".

या लोकांचा आधीचा अल्बम १९९१ चा नेव्हरमाइंड. तो एवढा चालला की जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या अल्बमला अमेरिकेतल्या एक नंबरवरून खाली ओढलं. सगळ्यांना वाटत होतं आता दुसरा नेव्हरमाइंड येणार. पण कोबेनला तोच अल्बम नंतर फार गुळगुळीत वाटायला लागला होता, म्हणून त्यानं शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. हा माणूस वेगळाच. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही, रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर म्हणायचा, आणि बँडला आधीच पत्र लिहून सांगितलं की मला विक्रीतली टक्केवारी नको, प्लंबरला देता तसे कामाचे पैसे द्या आणि विषय संपवा. त्यानं एकरकमी १ लाख डॉलर घेतले. टक्केवारी घेतली असती तर कितीतरी जास्त मिळाले असते, पण तो म्हणायचा तो पैसा बँडचा, माझा नाही. २०२४ मध्ये गेला बिचारा, तेव्हा मला कधी न भेटलेल्या माणसाचं वाईट वाटलं होतं.

काम कसं केलं ते भाच्यासाठी मुद्दाम लिहितो. तिघांनी एकत्र उभं राहून वाजवायचं आणि तसंच टेपवर घ्यायचं, नंतरची ठिगळं कमीत कमी. डेव्ह ग्रोलच्या ड्रमभोवती तीसेक माइक लावलेले, आणि दोन जोरकस गाण्यांना तर ड्रम उचलून शेजारच्या किचनमध्ये नेला कारण तिथं आवाज जास्त घुमतो. मूळ वादन सहा दिवसांत झालं. कोबेननं बहुतेक सगळं गाणं म्हणायचं काम एका दिवसात सहाएक तासांत उरकलं. म्हणजे ऐकताना वाटतं की माणूस कोसळतोय, पण ते रेकॉर्ड करताना तो अतिशय शिस्तीत काम करत होता, गाणी आधीच तयार होती, उगाच घोळ नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडं काळं लिहिणाऱ्या पोराला लगेच "ढेपाळलाय" म्हणतात.

आणि पैसे? स्टुडिओचा खर्च साधारण २४ हजार डॉलर, वर अल्बिनीचे १ लाख वेगळे. कोणी दिले? बँडनं. स्वतःच्या खिशातून. अल्बिनीनंच तसं सुचवलं होतं, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना रेकॉर्ड कंपनीचं कोणी येऊन काचेच्या पलीकडं बसणार नाही. पुण्याच्या पार्टीनं हे वाक्य परत वाचावं. अमेरिकेनं डोक्यावर वगैरे घेतलं नव्हतं, पोरांकडं आधीच्या अल्बमचा पैसा होता म्हणून दार बंद करून काम करता आलं. ज्याच्याकडं तो नव्हता अशा किती बँडांची काळी गाणी कंपनीच्या टेबलावरच मेली असतील ते कोण मोजतंय.

टेप कंपनीत पोचल्यावर तर आपल्या ग्रुपवर चाललंय तेच चालू झालं. कंपनीला आवडलं नाही, मॅनेजरांना आवडलं नाही, फार खरखरीत आहे, शब्द ऐकू येत नाहीत, हे विकायचं कसं. अल्बिनीनं एप्रिलमध्ये शिकागोच्या पेपराला सांगून टाकलं की कंपनीला हा अल्बम अजिबात नकोय, मग न्यूजवीकनं तेच छापलं, मग बँडनं चिडून पानभर जाहिरात देऊन खुलासा केला की आमच्यावर कोणाचा दबाव नाही. दाजी, हे असं सगळं रामायण अमेरिकेत, १९९३ ला. संस्कृती कुठली का असेना, ज्याचा पैसा अडकलाय त्याच्या पोटात गोळा येतोच.

पण खरी गंमत पुढं आहे. काही दिवसांनी बँडला स्वतःलाच वाटायला लागलं की गाणारा आवाज आणि बेस जरा दबलाय. म्हणजे कंपनी अगदीच मूर्ख नव्हती. मग बॉब लडविगकडून मास्टरिंग, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवताना आवाज वर आणला, आणि 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी स्कॉट लिट नावाच्या दुसऱ्या प्रोड्यूसरकडून नव्यानं मिक्स करून घेतली. अल्बिनी नाराज. पण शब्द? एक अक्षर बदललं नाही. कंपनीसाठी गाणं एकही काढलं नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात १ लाख ८० हजार कॉपी जाऊन अमेरिकेत थेट एक नंबरवर बसला, "हे चालणार नाही" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद.

तरी वॉलमार्ट आणि केमार्टनं तो ठेवलाच नाही. मागच्या कव्हरवरचं चित्र आणि 'रेप मी' हे गाण्याचं नाव. गाणं अत्याचाराच्या विरोधातलं, पण दुकानवाला गाणं ऐकत बसत नाही, नाव वाचतो. मग मार्च १९९४ मध्ये त्या दुकानांसाठी वेगळी आवृत्ती काढली, चित्र बदललं आणि कव्हरवर नाव छापलं 'वेफ मी'. आत गाणं तेच. मॅनेजरनं नंतर सांगितलं की कोबेन स्वतः तयार झाला, कारण लहानपणी त्याच्या गावात रेकॉर्ड मिळायची ती असल्याच दुकानात, त्या पोरांना मिळायला पाहिजे. मला ती तडजोड जरा बुळचट वाटते हे सांगून टाकतो, नाव बदलण्यापेक्षा दुसरं काहीतरी करता आलं असतं, पण एबरडीनसारख्या लाकूडतोड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाचं म्हणणं मी रोचेस्टरमध्ये हीटर लावून बसून खोडून काढणारा कोण.

तर माझा मुद्दा हा आहे की बदल सगळे सारखे नसतात. आवाज वर घे म्हणणं वेगळं, कव्हर बदल म्हणणं वेगळं आणि गाणं काढ म्हणणं वेगळं. ग्रुपवर सगळे "थोडं ॲडजस्ट करायला काय जातंय" असं एकाच मापात बोलायलेत. सर जे मागतात ते तिसऱ्या प्रकारचं आहे. आणि ते नेमकं तेच गाणं मागतात ज्यात त्यांचा धंदा येतो, दुष्काळाचं गाणं त्यांना चालतंय, कर्जाचं चालतंय, कारण पाऊस आणि सावकार काही त्यांच्या क्लासचे पार्टनर नाहीत.

आता "आपल्या संस्कृतीत नसतं" याचं बघू. दाजी, तुम्ही दर आषाढीला हरिपाठ म्हणता, आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला अंगणात उभी राहून शिव्या देते, तुझं मढं गेलं म्हणते, तो अभंग विसरलात का? पैठणच्या एकनाथांची भारुडं काय सगळी गोड आहेत? सातशे वर्षांपूर्वीच्या एका दासीला देवावर एवढं चिडायची मुभा होती आणि तुमच्या पोराला क्लासवर चिडायची नाही, हे कुठलं संस्कृतीरक्षण. जनाबाईला कोणी स्पॉन्सर नव्हता हाही भाग आहेच.

जाता जाता एक. 'इन युटेरो' आला तो महिना आपल्याला वेगळ्याच कारणानं पाठ आहे. त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. आम्ही लातूर शहरात वाचलो पण नंतर कितीतरी दिवस घरात झोपायची कोणाची हिंमत नव्हती, सगळी गल्ली रस्त्यावर. त्या काळात बायका रात्री जे लावून लावून रडायच्या, नावं घेऊन घेऊन, ते मी अजून विसरलेलो नाही. त्याला कोणी निगेटिव्ह म्हटलं नव्हतं. मला या अल्बमची माहिती फार नंतर, इंजिनिअरिंगला गेल्यावर झाली.

दाजींच्या व्हॉइस नोटमध्ये मात्र एक गोष्ट खरी आहे, शेवटी शेवटी आवाज बारीक करून बोललेले, की पोरगं असं लिहायलंय म्हणजे त्याच्या मनात तर काही नाही ना. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. एप्रिल १९९४ मध्ये कोबेननं आयुष्य संपवलं, २७ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून लोक हा अल्बम त्याचं शेवटचं पत्र असल्यासारखा ऐकतात, प्रत्येक ओळीत खूण शोधतात. पण त्यातली 'डंब', 'पेनिरॉयल टी', 'ऑल अपॉलॉजीज' ही गाणी १९९०-९१ च्या आसपासची, बाकीच्यांच्या आधीपासून वाजवत असलेली. गाणं वाचून माणसाचं निदान होत नाही. माणूस खरंच आजारी असू शकतो, कोबेन होता, पण ते त्याच्या जवळ बसून विचारायचं असतं. दाजी, पोराला गाडीवर घेऊन जा कुठंतरी चहाला आणि सरळ विचारा, झोप येते का, जेवतो का नीट, खोलीवाला पोरगा तू आहेस का दुसरा कोणी. गाणं काढून टाकल्यानं हे प्रश्न सुटणार नाहीत, उलट पुढच्या वेळी तो तुम्हाला गाणंच ऐकवणार नाही, फोनवर "चांगलं चाललंय, ठेवतो" म्हणेल.

आणि परदेशातल्या आपल्या लोकांबद्दल पण बोलायलाच पाहिजे, नाहीतर म्हणाल हा फक्त आम्हालाच शिकवतो. इथल्या मंडळांच्या कार्यक्रमांना आम्ही तिकडून कलाकार बोलावतो तेव्हा काय मागतो? लावणी, नाट्यगीतं, जुनी सिनेमाची गाणी, फार तर एक गोंधळ, तो पण मिटलेला, इस्त्री केलेला. टँकरचं गाणं म्हणणारं लातूरचं पोरगं कोणी बोलावलंय का आजवर? मुलांसमोर नको, वातावरण खराब होतं, स्पॉन्सर रिअल इस्टेटवाला आहे. मग आम्ही कुठल्या तोंडानं म्हणायचं की इथं कदर आहे.

काल भाच्याला फोन केला. म्हटलं सरांचे पैसे घेऊ नको, अल्बमचा खर्च मी पाठवतो. पोरगं दोन मिनिटं काही बोललं नाही, मग म्हणालं, "मामा, मग तुम्ही पण म्हणाल ना नंतर, हे काढ ते काढ." म्हटलं एक शब्द काढायचा नाही, फक्त त्या खोलीच्या गाण्यात तुझा आवाज गिटारीखाली दबलाय, तेवढा जरा वर घे.

"बघा," म्हणाला, "झालं सुरू."