सुनेचा डबा वेगळा नको, सगळ्या घराचा फराळच एक करा

दिवाळी तोंडावर आलीय, म्हणून आत्ताच लिहिते. फराळ एकदा डब्यात भरला की मग सांगून उपयोग नसतो. घरात कुणाला सिलिॲक आजार असेल तर त्या माणसाचा फराळ वेगळा करू नका. अख्ख्या घराचा फराळच बिनगव्हाचा करा.

माझ्या सुनेला सिलिॲक आहे. हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढेना, पोट सारखं फुगलेलं. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी (सिलिॲकची शंका तपासणारी) झाली, एंडोस्कोपी करून आतड्याचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा निदान झालं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि इजाही तिथंच जास्त होते, म्हणून गोळ्या लागू पडत नव्हत्या. यावर उपचार एकच, जन्मभराचं कडक पथ्य. गव्हाचा हा संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. तरी आजही सणासुदीला आलेली माणसं तिला म्हणतात, "खा गं, एका शंकरपाळीनं काय होतंय?"

होतंय. ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्या देशात किलोमागं २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. चिमूटभर मैदा किलोभर फराळात मिसळला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ती नखरे करत नाही, आणि तिनं प्रत्येक घरी हे समजावत बसावं हे मला अजिबात पटत नाही. सांगायचं काम आम्हा घरच्यांचं.

आता फराळाचं ताट डोळ्यांपुढं आणा. चकली भाजणीची. आमच्यात चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, वर धणे-जिरे. यात गहू कुठाय? कडबोळी त्याच भाजणीची. चिवडा पोह्यांचा, भडंग चिरमुऱ्यांचं, लाडू आणि शेव बेसनाची. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे. अनारसे तर तांदूळ, गूळ आणि खसखस एवढ्यावरच होतात, आणि गुळासाठी कोल्हापूरकरानं लांब कशाला जायचं? तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत सुकवून दळायचे, गुळात मळून पीठ मुरू द्यायचं आणि मंद आचेवर तुपात एकाच बाजूनं तळायचे. कष्टाचं काम आहे, पण अनारशाला छान जाळी पडली की ताटात दुसऱ्या कशाची उणीव राहत नाही.

अडतात फक्त शंकरपाळ्या, करंज्या आणि रव्याचे लाडू. रव्याच्या जागी मी नाचणीचे लाडू करते, तूप जरा सढळ घालून. करंज्या तांदळाच्या उकडीच्या, आत ओलं खोबरं आणि गूळ, वाफवलेल्या. त्या टिकत नाहीत, ज्या दिवशी केल्या त्या दिवशीच खायच्या. शंकरपाळी मी सोडून दिली. तांदळाच्या पिठाची करून तिला शंकरपाळी म्हणण्यापेक्षा चार कडबोळी जास्त करावीत.

म्हणजे पाककृतीची अडचण नाहीच. खरी अडचण गिरणीत आहे. भाजणी कितीही निवडून-भाजून नेली तरी ज्या जात्यावर आधी गहू दळला त्यातच ती पडली तर सगळी मेहनत फुकट. गिरणीच्या हवेतसुद्धा गव्हाचं पीठ उडत असतं. विकतच्या बेसनाचंही तेच, पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं नसेल तर मी घेत नाही. इथल्या लक्ष्मीपुरी बाजारातून अख्खी डाळ आणते, एकेक दाणा निवडते, कारण डाळीत-तांदळात गव्हाचे दाणे सापडतात. मग धुऊन, वाळवून घरघंटीवर दळते. या घरघंटीत गहू कधीच पडलेला नाही. जिला घरघंटी परवडत नाही तिनं थोडं थोडं मिक्सरवर दळून चाळावं, लाडवाला रवाळ बेसन उलट चांगलंच लागतं. चाळणी मात्र नवी घ्या. गव्हाची चाळणी कितीही घासली तरी जाळीत पीठ राहतंच. लाकडी पोळपाट-लाटण्याचंही तसंच.

दुसरं हिंग. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. चिवड्याची फोडणी, चकलीचं मोहन, शेव, सगळीकडं आपण ते घालतो आणि कुणाच्या मनातही येत नाही. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं. नाही मिळालं तर ओवा-जिऱ्यावर भागतं.

तिसरं तेल. ज्या तेलात शंकरपाळ्या तळल्या त्यात चकली तळली की ती चकली सुनेसाठी बाद. म्हणूनच मी वेगळ्या डब्याच्या विरोधात आहे. एका ओट्यावर दोन फराळ म्हणजे दोन कढया, दोन झारे, दोन सोरे, आणि पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी चमचा इकडचा तिकडं घालणारच. शिवाय सणाच्या दिवशी सगळे एका ताटाभोवती बसलेले असताना आपल्याच घरातलं माणूस आपली डबी घेऊन कडेला बसतं, हे मला बघवत नाही.

एक मात्र कळकळीनं सांगते. हे वाचून कुणी मनानंच गहू सोडू नका. आधी गहू बंद केला तर तपासणीत आजार सापडत नाही. शंका असेल तर नेहमीचं जेवण चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि वजन कमी करायला म्हणून ग्लुटेन सोडायचं फॅड मला पटत नाही. त्यामुळंच खऱ्या पथ्याच्या माणसाला लोक "डाएट करतेस का?" असं विचारतात.

आमच्याकडं भाऊबीजेला येणाऱ्या सगळ्यांना आवर्जून सांगणं आहे. येताना फराळाचा डबा आणू नका. फळं आणा, काजू-बदाम आणा. फराळ आमच्याकडं भरपूर आहे. पोटभर खावा आणि जाताना बांधूनही न्या.